हायड्राचें बंदर : त्याग आणि त्याचा हिशेब

ग्रीक स्वातंत्र्ययुद्धाचा इतिहास आपल्याकडील सुशिक्षितांना बहुधा बायरनच्या नांवानें ठाऊक असतो. मिसोलोंगीच्या दलदलींत १८२४ सालीं ज्वरानें मरण पावलेला तो इंग्रज कवि आमच्या इंग्रजी शिक्षणाबरोबर आमच्या घरीं आला, आणि त्याच्या मागोमाग ग्रीस देशाविषयींची एक धूसर सहानुभूतीहि आली. परंतु परदेशी कवीच्या मृत्यूनें कोणताहि देश स्वतंत्र होत नाहीं. त्या युद्धाचा भार ज्यांनीं वर्षानुवर्षें खांद्यावर वाहिला, त्यांत एका खडकाळ बेटावरील एका लहानशा बंदरगांवाचा वांटा फार मोठा आहे. त्या गांवाचें नांव हायड्रा. या गांवानें स्वातंत्र्यासाठीं आपली संपत्ति ओतली, आणि स्वातंत्र्य हातीं आल्यावर चारच वर्षांच्या आंत आपल्याच राष्ट्राचें आरमार आपल्याच हातानें उडवून दिलें. या दोन गोष्टी एकाच माणसाच्या हातून घडल्या. त्या परस्परविरुद्ध आहेत, कीं एकाच स्वभावाचीं तीं दोन फळें आहेत, हा प्रश्न मला विचार करण्याजोगा वाटतो. आणि तो केवळ ग्रीसपुरता आहे असेंहि नाहीं.

प्रथम गांवाची जागा पाहूं. कारण हायड्राचा सारा इतिहास त्या जागेंतून निघाला आहे. पिरीअसहून शिडाची नाव दक्षिणेकडे हाकारली म्हणजे उजव्या हातास प्रथम एजिना व नंतर पोरॉस हीं बेटें लागतात. पुढें स्किलीचें भूशिर वळून नावेनें पश्चिमेकडे तोंड केलें कीं डाव्या बाजूस एक लांबट, अरुंद, करड्या रंगाचा डोंगर समुद्रांतून वर आलेला दिसूं लागतो. त्याचें क्षेत्रफळ सुमारें पन्नास चौरस किलोमीटर. झाड विरळ, शेत जवळजवळ नाहीं. या उघड्या कड्यावर मनुष्यवस्ति असेल असें दुरून कोणाला वाटणार नाहीं. नाव अगदीं जवळ येऊन बंदराच्या तोंडासमोर आली म्हणजे मग एकाएकीं पडदा दूर व्हावा तसें गांव दिसतें. घोड्याच्या नालेसारखें लहानसें बंदर, त्याच्या दोन्ही अंगांस तोफा मांडलेले बुरूज, धक्क्यावर मठाचा घड्याळाचा मनोरा, आणि त्यामागें नाट्यगृहाच्या पायऱ्यांप्रमाणें एकावर एक चढत गेलेलीं दगडी घरें. या बंदराचें तोंड उत्तरेकडे आहे. त्यामुळें उत्तरेचा वारा जोर करूं लागला म्हणजे आंत नांगरलेल्या नावांनाहि स्वस्थता नसते. उन्हाळ्यांत येथें इतकी दाटी होते कीं एका नावेचा नांगर दुसरीच्या साखळीवर पडणें ही नित्याची गोष्ट आहे. ज्या बंदरांतून एके काळीं शंभराहून अधिक व्यापारी जहाजें जगाच्या व्यापारांत उतरलीं, तें बंदर एवढेंसेंच आहे हें पाहिल्यावर प्रथमच येणाऱ्याला नवल वाटल्यावांचून राहत नाहीं.

हायड्रा या नांवाचा संबंध ग्रीक भाषेंत पाण्याशीं आहे. प्राचीन काळीं येथें झरे वाहत असतील. परंतु अर्वाचीन इतिहासांत हें बेट पाण्याच्या दुर्भिक्षासाठींच प्रसिद्ध आहे. पावसाचें पाणी घराखालच्या टाक्यांत सांठवावें, आणि तें संपलें म्हणजे मोजक्या विहिरींवर भिस्त ठेवावी, अशी येथील जुनी रीत. विसाव्या शतकांत पिण्याचें पाणी जहाजांनीं आणून पुरवावें लागे. अशा जागीं कोणी सुखानें वसतीस येत नाहीं. पंधराव्या व सोळाव्या शतकांत तुर्कांच्या स्वाऱ्यांनीं व व्हेनिसशीं चाललेल्या त्यांच्या युद्धांनीं पेलोपोनेससमध्यें जी धूळधाण उडाली, तिच्यांतून जीव वांचवून जे लोक पळाले, त्यांनीं या खडकाचा आश्रय घेतला. यांतील बहुतेक आर्वानाइट होते. म्हणजे धर्मानें सनातनी ख्रिस्ती, परंतु भाषेनें आल्बेनियन. पुढें ज्यांच्या जहाजांवर ग्रीक राष्ट्राचा ध्वज फडकला, त्या दर्यावर्दींची घरची बोली ग्रीक नव्हती! राष्ट्र म्हणजे एक भाषा व एक वंश असें समीकरण मांडणाऱ्यांनीं या गोष्टीकडे डोळेझांक करूं नये. हायड्राच्या लोकांना ग्रीसशीं बांधणारे धागे तीन : धर्म, व्यापार, आणि तुर्की सत्तेविषयींचा समाईक अनुभव.

जमीन पोटाला देईना, म्हणून हे लोक समुद्राकडे वळले. आरंभीं लहान होड्या, मासेमारी व किनाऱ्यालगतची ने-आण. मग मोठीं गलबतें. आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत दूरच्या व्यापाराचीं जहाजें. या उत्कर्षाला तीन कारणें झालीं. पहिलें असें कीं, तुर्की सुलतानानें या बेटाला बहुतांशीं त्याच्याच हातीं सोडलें होतें. ठराविक कर भरावा, दरवर्षीं सुलतानाच्या आरमाराला कांहीं खलाशी पुरवावे, आणि बाकी आपला कारभार आपण पाहावा, असा हा व्यवहार होता. बेटावर तुर्क राहत नसत. दुसरें कारण रशिया. १७७४ च्या कुचुक कैनार्जीच्या तहानें व १७८३ च्या पुढील करारानें काळा समुद्र रशियन निशाणाच्या जहाजांना मोकळा झाला, आणि हायड्राच्या नाखव्यांनीं तें निशाण आपल्या डोलकाठ्यांवर चढविलें. तिसरें व सर्वांत मोठें कारण नेपोलियनचीं युद्धें. इंग्रजी आरमारानें फ्रान्स व स्पेनच्या बंदरांची नाकेबंदी केली, धान्याचे भाव कडाडले, आणि काळ्या समुद्रावरील गहूं त्या बंदरांत नेऊन टाकील त्याचें सोनें होऊं लागलें. इंग्रजांच्या युद्धनौकांना हुलकावणी देणें हा हायड्राच्या तांडेलांचा नित्याचा धंदा झाला. पुढें ग्रीकांचा दर्यासारंग म्हणून गाजलेला आंद्रेआस मिआउलिस हा याच शाळेंत शिकला. त्याला एकदां नेल्सननें पकडलें व त्याच्या निर्भीड उत्तरावर खूष होऊन सोडून दिलें, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, नाकेबंदी मोडणाराच पुढें नाकेबंदी करणारा झाला, एवढें निश्चित.

या व्यापाराची मांडणी लक्षांत घेतल्याशिवाय पुढील घटनांचा उलगडा होणार नाहीं. हायड्राच्या जहाजावर खलाशाला बांधलेला पगार नसे. त्याला नफ्यांत वांटा असे. सफरीचा खर्च व भांडवलाचा आणि जहाजाचा भाग वजा जातां उरलेली रक्कम सर्वांत वांटली जाई. नाखव्याला अधिक, सामान्य खलाशाला कमी, शिकाऊ पोराला त्याहून कमी. पण वांटा प्रत्येकाला. शिवाय खलाशी बहुधा एकमेकांचे सोयरे किंवा शेजारी असत. यामुळें प्रत्येकाची नजर मालावर, वाऱ्यावर आणि भावावर असे. आपण कोणासाठीं राबतों, असा प्रश्न त्या खलाशाला पडत नसे. तो आपल्या वांट्यासाठीं राबे. मात्र या पद्धतीची दुसरी बाजूहि आहे. वांटेकऱ्याला हुकूम करतां येत नाहीं, त्याची समजूत काढावी लागते; आणि सफर तोट्यांत गेली तर त्याच्या घरीं चूल पेटत नाहीं. समुद्रावरची ही समता जमिनीवर आली म्हणजे संपत असे. बेटाचा कारभार थोड्या धनिक घराण्यांच्या हातीं होता. त्यांत कोंदुरिओतिस घराणें अग्रगण्य. त्यांनीं बंदराभोंवतीं जे वाडे उठविले ते आजहि उभे आहेत. बाहेरून ते किल्ल्यासारखे कठोर व निराभरण दिसतात. आंत मात्र इटालियन धर्तीची शोभा आहे. लाझारस कोंदुरिओतिस याचा पश्चिमेकडील चढणीवरचा पिवळसर वाडा आज संग्रहालय म्हणून जतन केलेला आहे.

१८१५ सालीं युरोपांत शांतता झाली. जगाला जी सुवार्ता वाटली ती हायड्राला संकट म्हणून आली. धान्याचे भाव उतरले, मोठ्या राष्ट्रांचीं व्यापारी जहाजें पुन्हां समुद्रावर आलीं, हायड्राचीं जहाजें धक्क्याला बांधून पडलीं. धनिकांपाशीं सांठविलेला पैसा होता. खलाशांपाशीं कांहींच नव्हतें. त्या काळीं गांवाची लोकसंख्या पंधरा हजारांच्या वर गेली होती, आणि त्या खडकावर पिकत मात्र मूठभर धान्यहि नव्हतें. बेकारीनें रिकामे झालेले हात आणि स्वातंत्र्याची गुप्त खलबतें यांची गांठ पडली ती अशा वेळीं.

१८२१ च्या वसंतांत पेलोपोनेससमध्यें उठाव झाला. तेव्हां हायड्राचे धनिक ताबडतोब त्यांत सामील झाले, अशी एक सोयीस्कर समजूत आहे. तसें घडलें नाहीं. ते कचरले, आणि त्यांचें कचरणें अगदींच अनाठायीं नव्हतें. ज्याचें सारें धन लांकडाच्या जहाजांत आहे, आणि ज्याचें बेट सुलतानाच्या आरमाराच्या वाटेवर आहे, त्यानें विचार करणें साहजिक आहे. निर्णय त्यांनीं घेतला नाहीं. तो त्यांच्याकडून घेवविला गेला. आंतोनिस इकोनोमु नांवाचा एक नाखवा होता. जिब्राल्टरजवळ त्याचें जहाज बुडालें होतें आणि तो कामावांचून होता. स्वातंत्र्यासाठीं स्थापन झालेल्या गुप्त मंडळाचा तो सभासद होता. त्यानें मार्चअखेर बेकार खलाशांना हाताशीं धरून गांवाचा कारभार ताब्यांत घेतला, आणि धनिकांना पैसा व जहाजें द्यावयास लावलीं. एप्रिलच्या मध्यास हायड्रानें उघडपणें स्वातंत्र्याचा ध्वज उभारला. म्हणजे हायड्राचा प्रसिद्ध त्याग आरंभीं भुकेल्या खलाशांनीं धनिकांकडून करवून घेतला होता.

या इकोनोमुचें पुढें काय झालें? थोड्याच आठवड्यांत धनिकांनीं आपली सत्ता परत मिळविली, त्याला बेटाबाहेर घालविलें, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस आर्गोसजवळ त्याला ठार मारण्यांत आलें. ज्यानें गांवाला क्रांतींत आणलें त्याचाच क्रांतीच्या पहिल्या वर्षांत असा अंत झाला. हायड्राच्या वैभवशाली वाड्यांकडे पाहतांना या बिनवाड्याच्या माणसाची आठवण ठेवणें इतिहासकाराचें कर्तव्य आहे.

असें असलें तरी धनिकांविषयीं अन्याय होऊं देतां कामा नये. एकदां पाऊल पुढें पडल्यावर त्यांनीं तें मागें घेतलें नाहीं. लाझारस कोंदुरिओतिसनें आपल्या विपुल संपत्तीचा तीन-चतुर्थांश भाग युद्धांत घातला, असें सांगतात. इतर घराण्यांनींहि आपापल्या ऐपतीप्रमाणें भार उचलला. हायड्रा, स्पेत्से व प्सारा या तीन लहान बेटांच्या व्यापारी जहाजांनीं मिळून ग्रीकांचें आरमार बनलें. त्यांच्या समोर सुलतानाच्या दोनदोन, तीनतीन मजली युद्धनौका होत्या. पण सुलतानाची एक नड होती. त्या नौकांवरील निष्णात खलाशी पिढ्यान्‌पिढ्या याच बेटांतून येत असत. १८२१ मध्यें ते खलाशी निघून गेले, आणि त्या अजस्र नौका नवशिक्यांच्या हातीं राहिल्या. ज्याच्यावर राज्य करावयाचें त्याच्याच कौशल्यावर ज्या साम्राज्याचें आरमार चालतें, त्याचा पाया किती भुसभुशीत असतो याचें हें उत्तम उदाहरण आहे.

तरीहि व्यापारी तारवाच्या हलक्या तोफांनीं त्या नौका बुडण्यासारख्या नव्हत्या. म्हणून ग्रीकांनीं अग्निनौकेचा अवलंब केला. एक जुनें जहाज घ्यावें, त्यांत राळ, गंधक, सुकीं काटक्याकुटक्यांचीं जुडगीं व दारू भरावी, वाऱ्याच्या वरच्या अंगानें शत्रूच्या नौकेवर तें सरळ हाकावें, आंकड्यांनीं तिच्या दोरखंडांत अडकवावें, बत्ती द्यावी, आणि मागें बांधलेल्या होडींत उड्या टाकून वल्हीं मारीत निघून जावें. या साऱ्या क्रियेंत क्षणाचा उशीर झाला तर चालविणारेच जळून जावयाचे. या कामांत सर्वांत मोठी कीर्ति प्सारा बेटाच्या कॅनारिसनें मिळविली. त्यानें जून १८२२ मध्यें खिओसच्या बंदरापुढें खुद्द तुर्की सरदर्यासारंगाची नौका जाळली. त्या कृत्याला कारणहि तसेंच भयंकर होतें. त्याच वसंतांत खिओस बेटावर तुर्की सैन्यानें हजारों लोकांची कत्तल केली होती व हजारों लोकांना गुलाम म्हणून विकलें होतें. खिओसच्या व्यापारी घराण्यांची पांगापांग युरोपभर झाली. मुंबई व कराचीच्या कापूसबाजारांत ज्यांचें नांव पुढें सर्वतोमुखीं झालें त्या रॅली बंधूंचें घराणें मूळचें याच खिओसचें. दोन वर्षांनीं, १८२४ च्या उन्हाळ्यांत, प्साराहि उद्ध्वस्त झालें. हायड्रापुढें आपलें भविष्य असें स्पष्ट लिहिलेलें होतें. आणि तरीहि मिआउलिसच्या हाताखालीं त्याचीं जहाजें समुद्रावर राहिलीं. ऑगस्ट १८२४ मध्यें गेरोंतासच्या आखातांत त्यांनीं तुर्क व इजिप्त यांच्या संयुक्त आरमाराला अडविलें. वेढलेल्या मिसोलोंगीला समुद्रावाटे धान्य व दारूगोळा पोंचविण्याचें काम मिआउलिसनें १८२५ मध्यें व १८२६ च्या आरंभीं केलें. शेवटच्या प्रयत्नांत तो अयशस्वी झाला, आणि एप्रिल १८२६ मध्यें मिसोलोंगी पडली. हायड्रा मात्र अखेरपर्यंत शत्रूच्या हातीं लागलें नाहीं. इजिप्तच्या इब्राहिमपाशानें त्याच्याकडे पाहून त्याला ‘छोटें इंग्लंड’ म्हटलें, अशीहि एक दंतकथा तेथें सांगतात.

आतां चित्राची काळी बाजू. या युद्धांत स्वतः भाग घेतलेल्या व पुढें त्याचा इतिहास लिहिणाऱ्या जॉर्ज फिनलेसारख्या ग्रीकमित्रांनींहि ती लपविलेली नाहीं. हायड्राचे खलाशी आगाऊ पगार हातीं पडल्यावांचून जहाजावर चढत नसत, आणि मुदत संपली कीं शत्रू समोर असला तरी घराकडे शिडें वळवीत. ऐकणाऱ्याला हें लाजिरवाणें वाटेल. परंतु वर सांगितलेली वांट्याची पद्धत येथें आठवावी. व्यापारांत त्याला नफ्याचा वांटा होता. युद्धांत नफा नाहीं, मग घरची चूल कशावर पेटावी? धनिकाचा त्याग त्याच्या सांठ्यांतून जातो. गरिबाचा त्याग त्याच्या मुलांच्या तोंडच्या घांसांतून जातो. दोघांना एकाच मापानें मोजणें न्यायाचें नव्हे.

याहून अधिक दोष धनिकांच्या राजकारणाचा आहे. १८२४ व १८२५ सालीं लंडनच्या सावकारी बाजारांत ग्रीसच्या नांवानें दोन कर्जें उभारलीं गेलीं. पहिलें आठ लाख पौंडांचें, दुसरें वीस लाखांचें. प्रत्यक्ष हातीं आलें तें त्याहून पुष्कळ कमी. आणि जें आलें त्यांतील बराच भाग शत्रूशीं लढण्याऐवजीं आपसांतील यादवींत खर्च झाला. त्या वेळीं सरकारचा अध्यक्ष लाझारसचा भाऊ जॉर्ज कोंदुरिओतिस हा होता. यादवींत त्याच्या पक्षाचा जय झाला, आणि पेलोपोनेससचा श्रेष्ठ सेनानी कोलोकोत्रोनिस याला १८२५ मध्यें कैद करून हायड्राच्या डोंगरावरील संत एलियासच्या मठांत ठेवण्यांत आलें. तेवढ्यांत इब्राहिमपाशा पेलोपोनेससमध्यें उतरला, आणि घाबरलेल्या सरकारला आपला कैदी सोडून त्याच्याच हातीं सैन्य द्यावें लागलें. मठ अद्याप आहे. बंदरापासून तासाभराची चढण चढून गेल्यावर तेथून जी समोरची जमीन दिसते, ती त्या वृद्ध सेनानीनें कोणत्या मनानें पाहिली असेल याची कल्पना करवत नाहीं.

२० ऑक्टोबर १८२७ रोजीं इंग्लंड, फ्रान्स व रशिया यांच्या आरमारांनीं नवारीनोच्या उपसागरांत तुर्क-इजिप्तच्या आरमाराचा नाश केला, आणि ग्रीसचें स्वातंत्र्य जवळजवळ निश्चित झालें. १८२८ च्या आरंभीं योआनिस कापोदिस्त्रियास राष्ट्राध्यक्ष म्हणून आला. पूर्वीं तो रशियाच्या झारचा परराष्ट्रमंत्री होता. तो निःस्पृह, कष्टाळू व बुद्धिमान होता. शेतकरी व सामान्य लोक यांत त्याला मान होता. पण प्रतिनिधिसभा व राज्यघटना त्यानें बाजूला ठेवली. उद्ध्वस्त देश आधीं सांवरावा, मग सभांचा विचार करावा, असें त्याचें मत होतें. हायड्राचा त्याच्याशीं दोन बाबतींत खटका उडाला. एक, युद्धांत गमावलेल्या जहाजांची व खर्चाची भरपाई हायड्राला हवी होती. रिकाम्या तिजोरीचा धनी ती मागितली तितकी देऊं शकत नव्हता. दुसरी, हायड्राला राज्यघटना हवी होती. तेथून विरोधी पक्षाचें वर्तमानपत्रहि निघूं लागलें. हायड्राच्या मागणींत पैशाचा भाग किती व तत्त्वाचा किती, हें ठरविणें सोपें नाहीं. मला तर वाटतें, मागणाऱ्यांच्या मनांतहि ते दोन भाग वेगळे नसावे.

१८३१ च्या जुलैंत हायड्राच्या पुढाऱ्यांच्या सांगण्यावरून मिआउलिस पोरॉसला गेला, आणि तेथें नांगरलेलें राष्ट्रीय आरमार त्यानें ताब्यांत घेतलें. त्यांत ‘हेलास’ नांवाची मोठी युद्धनौका होती. ती न्यूयॉर्कला बांधून घेतलेली. तिच्या खर्चांत एवढी लूट झाली होती कीं बरोबरची दुसरी नौका अमेरिकेच्या सरकारास विकून हिची किंमत भागवावी लागली. मिआउलिसनें तिच्यावरूनच पूर्वीं ग्रीसचा ध्वज मिरविला होता. रशियन आरमारानें पोरॉसला वेढा दिला, आणि नौका सरकारच्या हातीं देण्याची मागणी झाली. १३ ऑगस्ट रोजीं मिआउलिसनें ‘हेलास’ला सुरुंग लावला. तिच्याबरोबर जी एक लहान युद्धनौका उडाली तिचें नांव होतें ‘हायड्रा’! त्यानंतर दोन महिने होण्यापूर्वींच, ९ ऑक्टोबर १८३१ रोजीं, नाफ्प्लियाच्या देवळाच्या दारांत कापोदिस्त्रियासचा खून झाला. खून करणारे हायड्राचे नव्हते. परंतु ज्या वैराच्या हवेंत तो घडला ती हवा पोरॉसच्या स्फोटानें अधिक तापली होती, हें नाकारतां येत नाहीं.

मिआउलिसच्या बाजूनें काय म्हणतां येईल? असें कीं, स्वातंत्र्य केवळ तुर्कांपासून मिळवावयाचें नव्हतें. एका माणसाच्या मर्जीपासूनहि मिळवावयाचें होतें. परक्या रशियन दर्यासारंगाच्या बळावर आपलें आरमार काढून घेतलें जात असतां तें त्याच्या स्वाधीन करणें अपमानाचें होतें. हें सर्व खरें मानलें तरी माझें समाधान होत नाहीं. अग्निनौका बनवितांना हायड्राचा नाखवा आपलें जहाज जाळीत असे. तें त्याचें होतें, त्याला तो अधिकार होता. ‘हेलास’ त्याची नव्हती. ती शेतकऱ्याच्या करांतून व पुढील पिढ्यांच्या कर्जांतून आलेली होती. ज्यानें राष्ट्रासाठीं फार दिलें, त्याला हळूहळू राष्ट्रच आपलें देणेकरी वाटूं लागतें. आणि मग देणेकऱ्याच्या घरांतील वस्तु उचलण्यास त्याला संकोच वाटत नाहीं. हायड्राच्या दोन कृत्यांना जोडणारा दुवा मला येथें दिसतो. ज्या वांट्याच्या हिशेबानें तें बेट समुद्रावर श्रीमंत व स्वाभिमानी झालें, तोच हिशेब त्यानें राष्ट्राला लावला. परंतु राष्ट्र ही सफर नव्हे. सफरीच्या शेवटीं खर्च वजा जातां नफा वांटतां येतो. स्वातंत्र्याच्या शेवटीं वांटण्यासारखें असें कांहींच उरत नाहीं. उरतें तें सर्वांचें असतें, म्हणजे कोणा एकाचें नसतें. ही गोष्ट ज्यांनीं सर्वांत अधिक दिलें त्यांनाच कळणें सर्वांत कठीण जातें. नवें स्वातंत्र्य मिळविलेल्या कोणत्याहि देशाच्या लोकांना याची उदाहरणें शोधावयास दूर जावें लागणार नाहीं.

स्वतंत्र ग्रीसनें हायड्राला मान दिला, पण व्यापार दिला नाहीं. खिओसच्या व प्साराच्या निर्वासितांनीं सिरॉस बेटावर एर्मूपोली नगरी वसविली, आणि व्यापार तिकडे गेला. पुढें तो पिरीअसला गेला. वाफेचीं जहाजें आल्यावर शिडाच्या कौशल्याला किंमत राहिली नाहीं. हायड्राचीं मुलें स्पंज काढण्यासाठीं आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत जाऊं लागलीं; आणि पाणबुड्याचा पोशाख आल्यावर खोल पाण्यांतून वेगानें वर येणाऱ्यांपैकीं कित्येक मेले, कित्येक लुळे होऊन परतले. बेट ओस पडत चाललें. तरीहि तेथून देशाला मंत्री व दर्यासारंग मिळत राहिले. १९१२ च्या बाल्कन युद्धांत ग्रीक आरमाराचें नेतृत्व करणारा आणि १९२४ मध्यें ग्रीक प्रजासत्ताकाचा पहिला अध्यक्ष झालेला पावलोस कोंदुरिओतिस हा त्याच घराण्यांतला. विसाव्या शतकाच्या मध्यावर चित्रकार व लेखक या बेटाकडे वळले, आणि त्यांच्यामागून प्रवासी. आज गांवाची कायम वस्ति दोन हजारांच्या आसपास आहे. मोटारींना तेथें मज्जाव आहे; ओझीं खेंचरें वाहतात. दारिद्र्यानें ज्या जुन्या वस्तूंना हात लावूं दिला नाहीं, त्याच आतां गांवाचें धन झाल्या आहेत.

धक्क्यावरील संग्रहालयांत मिआउलिसचें हृदय चांदीच्या करंड्यांत जतन केलेलें आहे, आणि दरवर्षीं जून महिन्यांत त्याच्या नांवानें उत्सव होतो. रात्रीं बंदरांत एक नाव पेटवून देतात, तोफा उडतात, आणि धक्क्यावर जमलेले लोक जयघोष करतात. ती नाव अग्निनौकांच्या पराक्रमाची आठवण आहे. ‘हेलास’ची आठवण त्या उत्सवांत नाहीं, आणि आंतोनिस इकोनोमुचें नांव त्या दिवसाला दिलेलें नाहीं. गांवानें आपल्या उत्सवासाठीं काय निवडावें हा त्याचा प्रश्न आहे. पण इतिहास वाचणाऱ्यानें त्या एका ज्योतींत तीन ज्वाला पाहाव्या : एक शत्रूच्या नौकेची, एक आपल्याच राष्ट्राच्या नौकेची, आणि एक त्या चुलीची, जी पेटत नव्हती म्हणून हायड्राचा खलाशी १८२१ च्या वसंतांत रस्त्यावर आला.